पस्तिशीपलीकडची लाइन

आमची कंपनी ठाण्याहून हलली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. औषधांची कंपनी होती. गोळ्यांच्या पट्ट्या तपासून खोक्यांत भरायचा एक मोठा हॉल होता, त्यात मी विशीत लागले आणि शेवटची काही वर्षं तिथली सुपरवायझर होते. माझ्या लाइनवर सगळ्या बायकाच. कुणी कळव्याची, कुणी ठाकुर्लीची, मी डोंबिवलीला कोपरची. एकमेकींची बाळंतपणं, मुलांच्या दहाव्या, सासवांची दुखणी, सगळं आम्ही त्या लाइनवर उभं राहूनच निभावलं.

मी लागले तेव्हा त्या रस्त्यावर दुतर्फा कंपन्या होत्या. शिफ्ट सुटली की रस्ता माणसांनी भरून जायचा. मग एकेक कंपनी बंद पडत गेली आणि तिच्या जागी टॉवर, मॉल, हॉस्पिटल उभं राहत गेलं. आम्ही ते येता-जाता बघत होतो, पण आपल्यावर ही वेळ येईल असं कुणाच्याच मनात नव्हतं. मालकांनी दुसऱ्या राज्यात नवा प्लांट टाकला, सगळा मशीनवर चालणारा. इथली जागा बिल्डरला दिली. आमचं जे काही देणं होतं ते चोख दिलं, निरोपाचं जेवणही घातलं. भांडायला जागाच ठेवली नाही.

घरी उपासमार नव्हती. नवरा नोकरीत होता, मुलगी नुकतीच ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली होती. सगळे म्हणाले, आता आराम कर. मी केला. पडदे धुतले, माळे साफ केले, दोन लग्नं आणि एक मुंज व्यवस्थित अटेंड केली. असं करता करता चार वर्षं गेली. मग एके दिवशी बाजारात आमच्या लाइनवरची एक जण भेटली.

"काय करतेस गं आता?" मी विचारलं.

"स्वयंपाकाची कामं धरलीत, ताई. आणि गंमत ऐका. आपला हॉल होता ना, बरोबर त्याच जागेवर टॉवर झालाय. तिथंच सातव्या मजल्यावर पोळ्या करते."

ती हसत सांगत होती. मलाही हसायला हवं होतं, पण मी भाजी न घेताच घरी परतले. पोळ्या करण्यात कमीपणा काहीच नाही. पण ही बाई लाइनवरची सगळ्यात तरबेज तपासणारी होती. आमची सगळी पिढी अशीच विखुरली होती. पन्नाशीचे फिटर सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन झाले होते, बायका त्याच सोसायट्यांत वरच्या मजल्यांवर पोळ्या लाटत होत्या, आणि आमची पोरं काचेच्या ऑफिसांत नाहीतर बाइकवर डिलिव्हरीच्या बॅगा घेऊन. मधल्या वयाच्या माणसानं जायचं कुठे, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी काम शोधायला लागले. मुलीनं मोबाइलवर दोन-तीन ठिकाणी माझं नाव घातलं. एका कॉल सेंटरमध्ये थेट मुलाखती होत्या, मराठी आणि हिंदी बोलता यायला हवं एवढीच अट. मी इस्त्रीचा ड्रेस घालून ठाण्याला गेले. गेटवर पोरापोरींची ही गर्दी. सिक्युरिटीवाला अदबीनं पुढे आला.

"मॅडम, पालकांनी इकडे बसायचं. आत फक्त कँडिडेट."

"मीच कँडिडेट आहे."

तो गडबडला. "तुम्ही? म्हणजे... मुलगी नाही आली?"

"मुलगी कामावर गेलीये," मी म्हणाले. "म्हणून मी आलेय."

त्यानं मला आत सोडलं खरं. आतली पोरगी गोड होती, तिनं पाणी दिलं, माझं वय ऐकलं आणि कळवतो म्हणाली. त्यांनी काही कळवलं नाही. मॉलमधल्या दोन दुकानांतही तेच झालं. एका ठिकाणी तर मला ग्राहक समजून साड्या दाखवायला लागले.

माझी एक मैत्रीण होती, लाइनवर माझ्या शेजारचीच. शीळफाट्याजवळच्या गावातली, इथल्या मूळच्या शेतकरी घरातली. तिच्या सासऱ्यांची भातशेती होती, त्याआधीची पिढी मिठागरावर राबलेली. आता त्यांच्या शेतांवर मोठमोठी गोडाऊनं उभी होती आणि घर चांगलं दुमजली होतं. पैशासाठी तिला एक दिवसही काम करायची गरज नव्हती. तरी कंपनीत सगळ्यांत आधी हजर असायची तीच. मी तिला फोन करून माझी सगळी रड सांगितली.

"मी पण कटाळले," ती म्हणाली. "घरान बसून करू काय? भिंती मोजू?" मग म्हणाली, "आमचे शेतावर गोडाऊन हाय ना, ऑनलाइन मालाचं? तिथं माणसं पायजेत. रोज बस भरून पोरं येतात नि रोज निम्मी काम सोडून जातात."

"मग तुझ्या दिराला सांग की. माणसं तोच पुरवतो ना तिथं?"

"नाय," ती एकदम म्हणाली. "जमिनीचे नावावर नको. मना माझे कामाचे नावावर पायजे. आपण सरळ गेटवर जायाचं."

म्हणून आम्ही दोघी सरळ गेटवर गेलो. गेटवर भरतीचा बोर्ड होता. वय अठरा ते पस्तीस, असं त्यावर ठळक लिहिलेलं. मी माघारी वळणार होते, पण मैत्रिणीनं माझा दंड धरला आणि थेट भरतीच्या खोलीत नेलं. तिथे एक पंचविशीची मुलगी बसली होती, कल्याणची. तिनं आमचं सगळं ऐकून घेतलं. आम्ही काय काम केलंय ते नीट विचारलं. मग कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला.

"काकू, खरंच सांगते, मला तुम्हाला घ्यायला आवडेल. पण हे बघा. पस्तीसच्या वर वय टाकलं की पुढचं पानच उघडत नाही. माझ्या हातात नाहीये."

"मग कुणाच्या हातात आहे?" मी विचारलं.

तिनं विचार केला. "सणासुदीला आम्ही कॉन्ट्रॅक्टरमार्फत तात्पुरती माणसं घेतो. तिथं वय आड येत नाही. यंदा रिटर्नची फारच बोंब आहे. लोक माल परत पाठवतात ना, तो उघडून तपासायचा. पोरं कंटाळतात त्या कामाला. याल?"

"येतो," मैत्रीण म्हणाली. "आनखी बायका आणू?"

"आणा," ती मुलगी म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

आम्ही सहाजणी जमलो, सगळ्या जुन्या लाइनवरच्या. सातव्या मजल्यावरची पोळ्यांवाली पण आली. तात्पुरत्या कामासाठी तिनं दोन घरं सोडली तेव्हा मला धडकी भरली. "अगं, दिवाळी झाली की घरी पाठवतील," मी तिला बजावलं. ती म्हणाली, "ताई, पोळ्या कुठं पळून जात नाहीत."

मैत्रिणीच्या दिराला बातमी लागलीच. सहाजणींची नावं त्याच्याच ऑफिसातून जायची होती, लपणार कसं? तो आम्हाला गेटवर आडवा आला. भला माणूस, पण घाबरला होता.

"वहिनी, गाव काय म्हणेल? मालकीण असून पार्सलं उचलते?"

"तुझ्या आजीनं मीठ उचललं," ती म्हणाली, "तवा गाव काय बोलला? मी पार्सल उचलीन. सरक बाजूला."

तो सरकला. एवढंच नाही, संध्याकाळी आमच्या बसचा थांबा त्यानं गोडाऊनच्या दारापाशी आणून ठेवला.

काम आम्ही समजत होतो तितकं सोपं नव्हतं. आत शिरलो तर परत आलेल्या मालाचा डोंगर छताला टेकलेला. कुर्ते, चपला, मिक्सर, लिपस्टिका, कुणी वापरून पाठवलेले, कुणी न उघडता. प्रत्येक वस्तू उघडायची, बघायची आणि ठरवायचं: पुन्हा विकायला ठेवायची, दुरुस्तीला द्यायची की बाद करायची. मग हातातल्या स्कॅनरनं कोड मारायचा, स्क्रीनवर बोट लावून पर्याय निवडायचा. बघण्याचं काम आम्हाला येत होतं. पण ते स्कॅनर! मी पार्सलाला टेकवायची आणि तो माझ्याच बांगडीवर लाल उजेड पाडायचा. समोर भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर प्रत्येकाचं नाव आणि वेग. पहिल्या आठवड्यात आम्ही सहाही जणी अगदी तळाला होतो, एकीखाली एक, शिडीसारख्या.

शिफ्टचा मॅनेजर तिशीचा तरुण होता, सतत धावपळीत. तो माझ्याकडे आला.

"काकू, तुमचं चेकिंग भारी आहे, एकही चूक निघत नाही. पण स्पीड... मला वरून विचारतात हो."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजीच होती. मला त्याचं वाईट वाटलं आणि आमचंही. घरी जाताना बसमध्ये आम्ही दुखरे पाय चोळत होतो. पोळ्यांवाली हळूच म्हणाली, "ताई, आपलं वय झालं का हो खरंच?"

तो प्रश्न मला फार लागला. मी रात्रभर जागले वगैरे नाही, छान झोपले. पण सकाळी बसमध्ये बसल्या बसल्या मला एकदम दिसलं की आमचं नेमकं काय चुकतंय. इथे प्रत्येक माणूस एकटा काम करत होता. तोच उघडणार, तोच बघणार, तोच स्कॅन करणार, तोच टेप लावणार. आमच्या हॉलमध्ये असं कुणी केलं असतं तर दिवसाला एक पेटी निघाली नसती. पोरं स्कॅनर मोबाइलसारखा फिरवत होती, पण कुर्त्याची उसवलेली शिवण त्यांच्या नजरेत येत नव्हती. आम्हाला शिवण दिसत होती, स्कॅनर जमत नव्हता.

मी मॅनेजरला गाठलं. "साहेब, टेबलं जोडून द्या. तुमची चार पोरं आणि आम्ही सहाजणी, एक लाइन करते. पोरं उघडतील आणि स्कॅन करतील. आम्ही तपासू आणि घडी घालून पॅक करू."

"पण सिस्टम माणशी मोजते, काकू. लाइनचा आकडा कुणाच्या नावावर टाकू?"

"दहाजणांत भागून माझ्या नावावर टाका. बुडाला तर माझा बुडेल."

तो डोकं खाजवत उभा राहिला. तेवढ्यात आमच्या मागून एक पोरगी म्हणाली, "सर, मी जाते काकूंच्या लाइनवर. एकटीनं करून डोकं फिरतं यार." तिच्यामागे अजून तिघं आली. चौघंही दिवा स्टेशनकडची, टॉपला असणारी, टीव्हीवरची पहिली चार नावं. त्यांना आमच्यात येण्यात काहीच फायदा नव्हता. तरी आली.

मॅनेजर म्हणाला, "दोन दिवस देतो."

पहिल्या दिवशी गोंधळच झाला. एक पोरगा इतक्या झपाट्यानं पार्सलं उघडायचा की आमच्यासमोर ढीग साचायचा. मी ओरडले, "अरे, हळू! ही काय लग्नाची पंगत आहे का, वाढतच सुटलायस!" तो हसून म्हणाला, "काकू, तुम्ही फास्ट व्हा ना." आम्ही फास्ट झालो. मी उघडणारे चाराऐवजी दोनच ठेवले, तपासायला आम्ही तिघी, बाकीचे पॅकिंगला, आणि एका पोरीला आमच्या मधोमध उभं केलं. आम्ही वस्तूकडे बघून नुसतं "चांगलं", "टाका", "दुरुस्ती" म्हणायचं आणि तिनं तिथल्या तिथे स्कॅन करायचं. दुपारनंतर लाइनला लय सापडली. मला ती पायांत कळली. जुन्या हॉलमध्ये लाइन नीट चालायला लागली की पाय आपोआप हलके व्हायचे, तसेच झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रीण ओरडली, "ओ, वर बघा जरा!" टीव्हीवर माझं नाव सगळ्यांत वर होतं. खरं तर ते दहाजणांचं होतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पोळ्यांवाली माझ्याकडे वळून म्हणाली, "वय नाही झालं, ताई," आणि पुढचा कुर्ता ओढला.

मग सगळ्यांनाच लाइन हवीशी झाली. मॅनेजरनं आणखी टेबलं जोडली, आमची एकेक जण एकेका लाइनवर दिली. दिवाळीच्या आधी तो डोंगर खाली येत येत मागची भिंत दिसायला लागली, आणि त्या भिंतीवर कुणीतरी फार पूर्वी लावलेला सूचनांचा कागद निघाला, तो कुणी कधी पाहिलाच नव्हता. पोरं त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत होती.

बंगळूरहून मोठे साहेब आले. मॅनेजरला विचारलं, हे कसं केलंत? त्याला सगळं श्रेय स्वतःकडे घेता आलं असतं. त्यानं मला बोलावलं. साहेब हिंदीत म्हणाले, आपण खूप खूश आहोत, तुम्हाला काय हवं ते सांगा. मी घरून काही ठरवून आले नव्हते. पण तोंडातून निघालं ते हे: "साहेब, दिवाळीनंतर आम्ही सहाजणी घरी जाणार, कारण तुमचा कॉम्प्युटर आमचं वय घेत नाही. आमच्यासाठी वेगळी सवलत नको. ती अटच काढा. मग ज्याला जमेल त्याला घ्या, नाही जमलं तर नका घेऊ."

साहेब म्हणाले, बघतो. ठाण्याच्या कॉल सेंटरनं 'कळवतो' म्हटलं होतं तसंच मला ते वाटलं. दिवाळी झाली, आम्ही फराळ वाटून घरी आलो. पोळ्यांवालीनं पुन्हा घरं धरली.

डिसेंबर लागला होता. मी दुपारी भाजी निवडत असताना भरतीवाल्या मुलीचा फोन आला. ती जवळजवळ ओरडत होती.

"काकू! अट काढली! आता मी काहीही वय टाकलं तरी पान उघडतंय. मी गंमत म्हणून नव्वद टाकून बघितलं, तरी उघडलं!"

मी भाजी तशीच टाकली आणि पाच फोन लावले. मैत्रिणीनं बातमी ऐकून फोनवरच हाळी दिली, तिच्या मागे दिराचा आवाज आला, "झालं का? झालं ना?" पोळ्यांवाली म्हणाली, "थांबा, गॅस बंद करते," आणि मग रडली.

आम्ही सहाही जणी कायम लागलो. मला रिटर्नच्या सगळ्या लाइनी दिल्या. आणि जानेवारीत पहिली खुली भरती झाली, तेव्हा मला मुलाखतीच्या टेबलावर बसवलं, भरतीवाल्या मुलीच्या शेजारी.

त्या सकाळी रांग गेटबाहेर शीळफाट्याच्या रस्त्यापर्यंत गेली होती. वीस-बावीसची पोरं होतीच. पण त्यांच्या मध्ये मध्ये केस पिकलेली माणसंही उभी होती. डोंबिवलीच्या रंगाच्या कंपनीतून सुटलेला ऑपरेटर. बंद पडलेल्या छापखान्यातला कंपोझिटर, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. दुकान चालेना म्हणून शटर ओढलेला शिंपी. त्याला मी कुर्ता दिला आणि त्यानं दोष दाखवताना टाका कुठल्या मशीनचा हेसुद्धा सांगितलं. मी त्याला तिथल्या तिथे घेतला. ज्यांना जमलं नाही त्यांना तसं सरळ सांगितलं. कुणालाही कळवतो म्हणाले नाही.

दुपारी मी पुढचा नंबर पुकारला. पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई आत आली, पदर खोचलेला, चेहऱ्यावर जरा धाकधूक. शेजारची भरतीवाली मुलगी ताडकन उठली.

"आई? तू इथं काय करतेस?"

"नंबर लागलाय ना माझा," ती बाई म्हणाली. "कल्याणहून दोन रिक्षा बदलून आलेय."

"अगं, पण घरी सांगायचं ना मला!"

"तू ओळखीनं घेतलं म्हणतील लोक. म्हणून नाही सांगितलं. तू बस बाहेर." मग माझ्याकडे वळली. "मॅडम, बावीस वर्षं उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात होते. धागे कापणं, चेकिंग, इस्त्री, सगळं केलंय. कारखाना बंद झाल्यापासून घरीच आहे. पोरीला वाटतं, आईला आरामच आवडतो."

मुलगी डोळे पुसत बाहेर गेली. मी मॅनेजरला आत बोलावलं, म्हणजे कुणी नाव ठेवायला नको. आम्ही बाईंसमोर दहा जीन्स टाकल्या. त्यांनी पदर आणखी घट्ट खोचला आणि कामाला लागल्या. चेन ओढून बघितली, आतून उलटी केली, खिशात हात घालून अस्तर ताणलं. मॅनेजर माझ्याकडे बघून गालात हसला. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले.

बाहेर आले तर भरतीवाली मुलगी दाराला टेकून उभी.

"काकू, झालं का आईचं?"

"झालं. सोमवारपासून माझ्या लाइनवर."

ती माझ्या गळ्यातच पडली. आतून तिच्या आईचा आवाज आला, "अहो मॅडम, ही शेवटची जीन्स कुणी पास केली होती? हिची चेन तुटलीये!"